रातांब्याची कलमं उभी वाढेनात, मदत हवी आहे

मंडळी, कुडाळजवळ आमची वाडी आहे. मी डोंबिवलीत राहतो. गणपती आणि मे महिना सोडला तर तिकडे जाणं होत नाही, झाडांकडे काकाच बघतात.

आजोबांनी विहिरीजवळ बिया घालून रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं केली होती. सात-आठ वर्षं कळशीने पाणी घातलं, तेव्हा कुठे फुलं आली. एक निघालं मादी, दुसरं नर. रातांब्यात नर-मादी झाडं वेगवेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ओळखता येत नाहीत. हा जुगार पुन्हा नको, म्हणून २०२१च्या जूनमध्ये मी रोपं न आणता नर्सरीतून 'कोकण अमृता'ची बारा कलमं आणली. दापोली विद्यापीठाची ही जात लवकर तयार होते, म्हणजे पावसाने फळ कुजायच्या आत आमसुलं वाळतात, असा हिशेब.

दोन मेली. दोन छान सरळ चाललीत. उरलेली आठ मात्र वेलासारखी पसरली आहेत. उंची गुडघ्याएवढी आणि पसारा बाजेएवढा! बांबू ठोकून सुतळीने बांधून पाहिलं. सुतळी सोडली की शेंडा पुन्हा लवतो. माती, खत, पाणी सगळ्यांना सारखंच आहे.

एका कलमाला गेल्या वर्षी बुंध्यातून सोट्यासारखा सरळ फुटवा आला. तो मी कौतुकाने राखला, आडव्या फांद्या छाटल्या. आता तो कमरेला लागतो. बाकीच्यांनाही असंच छाटावं का? आणि काका विहिरीजवळचं 'वांझ' झाड तोडायचं म्हणतायत. तोडू का?

प्रतिसाद १
छाटणी थांबवा! आधी सांगा, तो सरळ फुटवा कलमाच्या जोडाच्या वर आहे की खाली?

धागाकर्ता
काकांकडून फोटो मागवला. प्लॅस्टिकची पट्टी होती तिथे गाठ दिसते. फुटवा तिच्या चार बोटं खाली आहे.

प्रतिसाद १
मग दादा, तुम्ही वर्षभर खुंट वाढवलात, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप. ते बियांचंच झाड, नर की मादी देव जाणे. आजोबांचा जुगार पुन्हा मांडलात. :)

आता मूळ दुखणं. रातांब्याला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. मधला शेंडा सरळ वर जातो, बाजूच्या फांद्या आडव्या जातात. बाजूच्या फांदीची काडी खुंटावर बांधली तरी ती आपला स्वभाव सोडत नाही, आडवीच वाढते. आंब्यात हा त्रास नाही, कुठलीही चांगली काडी उभी होते. जायफळात मात्र अगदी हेच घडतं. सरळ शेंडे एका झाडावर मोजकेच मिळतात, आडव्या काड्या हव्या तेवढ्या. नर्सरीवाल्याने काय केलं असेल ते ओळखा. तुमची दोन सरळ काडीची निघाली, हे नशीब.

प्रतिसाद २
आडवी आहेत म्हणून टाकून देऊ नका, मिळेल तेवढं पीक घ्या. माझ्याकडे अशी सहा आहेत, उभ्या उभ्या रातांबे काढतो, झाडावर चढायला गडी लागत नाही. फक्त जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढा, नाहीतर फळांवर माती उडते. आणि लावताना अंतर जास्त ठेवायला हवं होतं, ते आता गेलं.

प्रतिसाद १
त्या खुंटाचंही सोनं करता येईल. विहिरीजवळच्या मादीच्या अगदी टोकाचा सरळ शेंडा निवडा. त्याची पानं देठ ठेवून कापा. खुंटाच्या फुटव्याचा शेंडा कोवळा, तांबूस असताना मधोमध चीर द्या, काडीला दोन्हीकडून पाचर काढून आत बसवा. दोन्हींची जाडी सारखी हवी, निदान एका बाजूने साल सालीला भिडली पाहिजे. पट्टी घट्ट बांधा आणि वरून पेप्सीकोल्याची पिशवी टोपीसारखी घाला, म्हणजे काडी सुकत नाही.

नर झाड अजिबात तोडू नका. परागकण कुठून येणार? बागेतसुद्धा मादी झाडांमध्ये थोडे नर मुद्दाम ठेवतात.

धागाकर्ता
काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे तेचाय काम आसा तर!" कोयती ठेवून दिली. ते मादी झाडावर चढायला माणूस बघतायत. एकच राहिलं, पानं कापल्यावर काडी कधी उतरवायची?

प्रतिसाद १
आठ-दहा दिवसांनी बघा. काडीचा डोळा (कोंब) फुगलेला दिसला की लगेच. फुटायच्या आत.