मदत हवी आहे: १३ वर्षांनी हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन परत करायचंय, दोनदा गेलेलं कुणी आहे का?

काज-बटण (सोलापूर):

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय ३९. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग बघते. इथे एरवी नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

२०१२ च्या नोव्हेंबरात माझा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, बदलला. लहानपणी घसा धरून ताप आला होता, मग गुडघे-घोटे सुजले. घरच्यांनी वाढीचं दुखणं समजून तेल चोळलं. तो सांधेवाताचा ताप होता आणि त्यात व्हॉल्व्ह गेला, हे कळायला माझं लग्न व्हावं लागलं. सर्जननी दोन प्रकार समोर ठेवले. धातूचा टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि त्या गोळीवर बाळंतपण जोखमीचं. दुसरा टिश्यूचा, जनावराच्या हृदयावरच्या पडद्याचा. त्याला ती गोळी कायमची नको, पण तरुण माणसात लवकर झिजतो. "दहा-पंधरा वर्षांत परत यावं लागेल," हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मला मूल हवं होतं. टिश्यूवर सही केली. २०१५ ला मुलगी झाली. आज विचारलंत तरी तिथेच सही करीन.

तर आता मुदत भरली. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. होम मैदानावर मुलगी पाळण्याकडे पळाली आणि मी तिच्यामागे वीस पावलंही जाऊ शकले नाही, भाग्यश्री बटाट्याच्या गाड्यापाशी खाली बसले. लोकांना वाटलं चक्कर आली. आता रात्री तीन उशा लागतात. घशातून नळी घालून इको झाला: व्हॉल्व्हची पानं कडक झालीत आणि एक फाटलंय. ऑपरेशन लांबवू नका म्हणालेत, या वेळी धातूचा बसवा असं सुचवलंय.

तो सांधेवाताचा ताप उलटू नये म्हणून दर २१ दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन मधे दोनेक वर्षं सुटलं होतं, त्यामुळे झालं का, हे मी तीनदा विचारलं. तीनदा "नाही, हा व्हॉल्व्ह झिजतोच" असं उत्तर मिळालं. तरी रात्री तेच डोक्यात येतं.

आता खरं काय ते लिहिते. पहिल्या वेळी मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. नर्सशी गप्पा मारत आत गेले होते. या वेळी सगळं माहीत आहे. जाग येते तेव्हा घशात नळी असते, हात कॉटला बांधलेले असतात, बोलता येत नाही आणि तहान अशी लागते की ओठांवर फिरवलेला ओला कापूस चोखावासा वाटतो. छातीतल्या नळ्या काढताना "श्वास धरा" म्हणतात तेही आठवतंय. घरचे म्हणतात, एकदा निभावलंस, आताही निभावशील. त्यांचं चुकत नाही. पण मला त्यांच्याशी हे बोलता येत नाही, कारण मी बोलले की तेच रडायला लागतात. तेव्हा शेजारच्या कॉटवर अक्कलकोटकडची एक अक्का होत्या. आम्ही दोघी उशी छातीशी धरून एकमेकींना खोकायला लावायचो. बरीच वर्षं फोन व्हायचे, मग नंबर बदलला आणि तुटलं. मला आता तसं कुणीतरी हवंय.

विचारायचं हे की, उघडलेली छाती दुसऱ्यांदा उघडतात तेव्हा काय वेगळं असतं? धातूच्या व्हॉल्व्हचा आवाज खरंच येतो का? सोलापुरातच करावं की पुणे-मुंबई गाठावी? आणि खर्च. मागच्या वेळी जीवनदायी योजना नुकतीच सुरू झाली होती आणि तीत सोलापूर पहिल्या टप्प्यातच होतं, म्हणून निभावलं. आता दुसऱ्यांदा मिळते का?

हिरवा_काढा:

ताई, घाई करू नका. अर्जुनसाल दुधात उकळून ४१ दिवस घ्या. माझ्या साडूचे ब्लॉकेज गेले. ऑपरेशन हा डॉक्टरांचा धंदा आहे.

मागवाला (सोलापूर, पूर्व भाग):

वर काढ्याचं लिहिणाऱ्या साहेबांना हात जोडून विनंती. फाटलेलं पान काढ्यानं शिवलं जात नाही. साडूंचं दुखणं वेगळं, ताईंचं वेगळं. आणि धातूचा बसल्यावर रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर कुठलाही पाला-मुळी मनानं घ्यायची नसते. माझं बोलणं तोडून टाकणारं वाटलं तर वाटू द्या.

ताई, मी दोनदा गेलेला आहे. पहिलं २००३ ला, दुसरं २०१७ ला. तेव्हा मी पन्नाशीत होतो. तुमच्यासारखाच टिश्यू झिजला, आता धातूचा आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेला चित्रा व्हॉल्व्ह, तोच. आपल्याकडचा आहे, १९९० पासून बसवतात, आणि बाहेरच्यापेक्षा बराच स्वस्त पडतो.

दुसऱ्या वेळी वेगळं काय, तर आतलं सगळं चिकटलेलं असतं. पहिल्या ऑपरेशननंतर हृदय आणि छातीचं हाड यांच्यात जाळं धरतं. म्हणून आधी सीटी स्कॅन काढून हृदय हाडाच्या किती जवळ आहे ते बघतात. माझ्या वेळी जांघेतली रक्तवाहिनीसुद्धा आधीच तयार ठेवली होती, म्हणजे हाड कापताना काही झालं तर हृदय-फुप्फुसाचं काम करणारं मशीन लगेच जोडता येतं. चिकटलेलं सोडवण्यातच वेळ जातो, त्यामुळे ऑपरेशन लांबतं. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. माझी बायको बाहेर बसलेली, पहिल्या वेळेइतका वेळ झाला आणि कुणी बाहेर येईना म्हटल्यावर तिनं नको नको ते मनात आणलं. रक्तही जास्त लागू शकतं, चार-पाच रक्तदाते सांगून ठेवा. दात आधीच दाखवून घ्या. किडका दात असेल तर ऑपरेशनआधीच निस्तरतात, नाहीतर तिथले जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात.

जाग येण्याचं म्हणाल, तर दुसऱ्या वेळी मला ते सोपं गेलं. नळीशी भांडायचं नसतं हे माहीत होतं. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटायला येतात, त्यांना हे सगळं सांगा. हात बांधल्याची भीती वाटते हेही सांगा. मी सांगितलं होतं, तर नर्सनं जाग आल्या आल्या कानाशी येऊन "काका, ऑपरेशन झालंय, नळी दुपारी काढतो" म्हटलं. तेवढ्यानं फरक पडतो.

आवाज येतो. आमच्या घरात माग, दिवसभर टॉवेल. खडखडाटात ऐकू येत नाही. सुट्टीच्या दिवशी माग बंद असला की येतो. पहिले दोन महिने झोप उडाली होती. आता मागासारखंच झालंय, चालू असलं की लक्ष जात नाही.

भेटायचं असेल तर या की. मी आणि घरची संध्याकाळी कंबर तलावावर फिरायला असतो.

लातूरची_मावशी:

बाई गं, धातूवाल्यांपैकी मी एक, एकदाच झालंय. पण बायकांचं जे आहे ते पुरुषमाणूस लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. गोळी सुरू झाली की पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकतं. लाजू नकोस, ऑपरेशनआधीच बाईडॉक्टरांना दाखवून ठेव, हिमोग्लोबिन बघून घे. मी वर्षभर अंगावर काढलं आणि रक्त चढवायची वेळ आली.

आयएनआर म्हणून रक्ताची तपासणी असते, गोळीनं रक्त किती पातळ झालंय ते त्यात कळतं. मायट्रलला धातूचा असेल तर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगतात, तुझा आकडा तुझे डॉक्टर ठरवतील. सुरुवातीला सारखी करावी लागते, मग महिन्याला. पालेभाजी बंद करायला सांगणारे खूप भेटतील. बंद नाही करायची, रोजचं माप सारखं ठेवायचं. एक आठवडा मेथी-पालक रोज आणि पुढचा आठवडा नुसती शेंगाचटणी-भाकरी असं केलंस की आकडा नाचतो. डोकं दुखलं, कंबर दुखली म्हणून मेडिकलवाल्याकडून मनानं गोळी आणायची नाही. आणि गोळी चुकवायची नाही. मी एकदा उपासात सगळ्याच गोळ्या बाजूला ठेवल्या होत्या. डॉक्टर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चुकवली तर व्हॉल्व्हवर गुठळी धरते आणि तो अडकतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी कारण नसताना रडू येईल. येऊ दे.

नळीतून_नळी:

एक प्रश्न. हल्ली पायाच्या शिरेतून जाऊन जुन्या टिश्यू व्हॉल्व्हच्या आतच नवा बसवतात, छाती न उघडता. ते विचारलंत का?

काज-बटण:

विचारलं. माझ्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये बसवता येईलही म्हणाले, पण तोही टिश्यूचाच, तोही झिजणार, आणि आतल्या आत बसवल्यानं वाट अरुंद होते. वयस्कर किंवा छाती उघडणं झेपणार नाही अशांसाठी जास्त उपयोगी, माझ्या वयाला नाही, असं त्यांचं मत पडलं. शिवाय नुसत्या व्हॉल्व्हचीच किंमत ऐकून आमचे हे उठून पाणी प्यायला गेले.

मावशी, पाळीचं बरं झालं लिहिलंत. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

रेशनकार्ड_पिवळं:

योजनेचं सांगतो, भावाच्या वेळी सगळं फिरलोय. जीवनदायीचं नाव आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता ५ लाख आहे. २०१२ ला घेतली म्हणून आता मिळणार नाही असं काही नसतं, मर्यादा वर्षाची असते. ॲडमिट व्हायच्या आधी जा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड, आधार आणि जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड दाखवा. मंजुरी आधी लागते, मागाहून गेलात तर हात हलवत परत. दुसऱ्यांदाचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतंय आणि वरचे पैसे काही भरावे लागणार का, हे तिथेच स्पष्ट विचारा. पुण्या-मुंबईला जायचं ठरलं तर हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत सवलत असते, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या.

गाव कुठलं यापेक्षा सर्जनना सरळ विचारा: दुसऱ्यांदा उघडलेल्या छातीची ऑपरेशनं तुम्ही किती करता? चांगला डॉक्टर या प्रश्नाला चिडत नाही.

काज-बटण:

सगळ्यांना एकत्रच लिहिते. तो प्रश्न दोन ठिकाणी विचारला. एका ठिकाणी "तुम्ही इंटरनेट फार वाचता" असं ऐकून घेतलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. कुठे करायचं ते तिथेच ठरलं, पुण्याला. योजनेची मंजुरी आली. दाढ एक काढावी लागली.

रविवारी कंबर तलावावर मागवाले काका आणि काकूंना भेटले. मुलीला घेऊन गेले होते. तिनं मला पंधरा दिवसांपूर्वी विचारलं होतं, "आई, तीच चेन परत उघडणार का?" माझ्या छातीवरच्या व्रणाला ती लहानपणापासून चेन म्हणते. काकांनी तिला विचारलं, ऐकायचंय का. तिनं कट्ट्यावर गुडघे टेकून त्यांच्या शर्टाला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "घड्याळ रुमालात गुंडाळल्यासारखं वाजतंय." काकू म्हणाल्या, पहिले सहा महिने मला ते थांबेल की काय म्हणून झोप नव्हती, आता ऐकू आलं नाही तर मीच कान लावते.

मी काकांना एकच विचारलं, दुसऱ्या वेळी आत जाताना भीती वाटली का. ते म्हणाले, वाटली की, पहिल्यापेक्षा जास्त. याउपर काही बोलले नाहीत आणि मला ते बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी ॲडमिट व्हायचंय. काकूंनी सांगितलं की हात वर करून घालायचे कपडे महिनाभर तरी जमत नाहीत, म्हणून समोरून पूर्ण उघडणारे गाऊन शिवायला घेतलेत. मऊ सुती, बटणं मोठी. पाच कापून झाले, तीन शिवले. काजं करायची राहिलीत. मावशी, रात्री नऊनंतर फोन केला तर चालेल का?