टॅरो : अंकांची पाने चित्रावरून वाचावीत की अंकावरून?

रामबागकर, इंदूर
टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहायच्या पत्त्यांच्या, ७८ पानांतील २२ मेजर अर्कानाची (स्वतंत्र नावांची मोठी पाने) आणि १६ राजदरबारी (राजा, राणी वगैरे) पाने वगळली, की एक्क्यापासून दश्शीपर्यंतची ४० उरतात. ती शिकवताना चित्रांची वर्णने पाठ करून घ्यायची पद्धत मला मान्य नाही. ही चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी ए. ई. वेट यांच्या संचासाठी काढली आणि तो १९०९ मध्ये लंडनला निघाला. त्याहून जुन्या मार्सेय या फ्रेंच संचात चौकटच्या सत्तीसारखी नुसती चिन्हे मांडलेली असतात. मुलाने पुण्याची नोकरी धरावी का, हा आपल्या इंदुरी मराठी घरांतला नेहमीचा प्रश्न. त्यावर सिक्स ऑफ स्वोर्ड्स (तलवारींची छक्की) निघाले, की चित्रातली होडी पाहून ‘जाऊ द्या’ असे सांगितले जाते. अंकाने पाहिले तर पाचातली मोडतोड सहात सावरते आणि तलवार बुद्धीची असते, म्हणजे विचारांचा गोंधळ निवळतो आहे, एवढेच ते पान सांगते. मुलगा जावो अथवा राहो.

सुदामानगरची ताई
काका, पाच म्हणजे मोडतोड हेही कोणीतरी ठरवलेलेच आहे. शिवाय केवळ अंकावर विसंबले, तर चारही पंजे एकाच सुरात बोलू लागतात. फाइव्ह ऑफ कप्समध्ये तीन पेले सांडलेले आणि दोन पाठीमागे उभे आहेत, ही गोष्ट अंक कसा सांगणार? फाइव्ह ऑफ वॉन्ड्समध्ये पाच तरुण काठ्या परजत आहेत, पण कोणालाही जखम नाही. ही लुटुपुटूची लढाई आहे, असे वेट यांनीही लिहिले आहे. भंवरकुआँला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला मी या पानावर ‘चुरस आहे’ म्हणेन, ‘संकट आहे’ म्हणणार नाही. आणि चित्रे १९०९ चीच कशी? पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सोला बुस्का या इटालियन संचात अंकांची पानेही सचित्र आहेत. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती, आणि त्यातले थ्री ऑफ स्वोर्ड्स स्मिथ यांच्या पानाशी किती जुळते ते पाहावे.

रामबागकर, इंदूर
तो संच अपवाद होता, आणि अपवादावर परंपरा उभी राहत नाही. पंज्यांचे म्हणाल, तर त्यांना वेगळे करायला सूट, म्हणजे पेले, काठ्या, तलवारी, नाणी यांपैकी एक गट, असतोच.

पंचांगवाला, लोधीपुरा
दोघांनीही ग्रह बाजूला ठेवले, याचे नवल वाटते. गोल्डन डॉन या गूढविद्येच्या इंग्रजी मंडळाने दुर्रीपासून दश्शीपर्यंतची ३६ पाने राशीचक्राच्या दहा-दहा अंशांच्या भागांना वाटून दिली. आपल्याकडे यालाच द्रेष्काण म्हणतात, मात्र दोन्हींकडचे स्वामी सगळीकडे जुळत नाहीत : मेषेच्या तिसऱ्या भागाला त्यांनी शुक्र दिला, आपण गुरू देतो. तुळेचा दुसरा भाग मात्र दोघांकडेही शनीचा, आणि तेच थ्री ऑफ स्वोर्ड्स. त्यांनी त्याला ‘दुःख’ असे नाव दिले. आता तुळेच्या विसाव्या अंशाला शनी परमोच्च, म्हणजे सर्वांत बलवान, असतो, हे आपल्याकडे नवशिकाही सांगेल. त्यामुळे या पानावर प्रेमभंग सांगून थांबणे मला अर्धवट वाटते. न्यायाने, उशिरा, पण पक्का लागलेला निकाल असे मी वाचतो.

सुदामानगरची ताई
आपले गणित बिनचूक असेल, पण समोर बसलेल्या मुलीला शनी दिसत नाही. तिला हृदयात रुतलेल्या तीन तलवारी दिसतात आणि तिचा चेहरा उतरतो. तिला उच्चीचा शनी समजावण्याआधी त्या तलवारींविषयी बोलावेच लागते.

रामबागकर, इंदूर
म्हणूनच मी पृच्छकापुढे मार्सेयचा संच मांडतो. तिथे दचकण्यासारखे काही नसते. पंचांगवाल्यांना मात्र एक विचारायचे आहे : ३६ पाने राशींत वाटून झाल्यावर चार एक्क्यांना कोणताच अंश उरत नाही. ते आपण कशाच्या आधारे वाचता?