प्रवचन आणि नाक्यावरचे मजूर

चर्चमधली प्रवचनं स्वर्गातच घिरट्या घालतात, सोमवारच्या लोकलशी त्यांचा काही संबंध नसतो, शिवाय ती फार लांबतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अर्धं मान्य. पण फादर तयारी करून आले असतील तर तसं होत नाही.

ठाण्यात मराठी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) ऐकलेलं एक सांगतो. वाचन बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातलं, द्राक्षमळ्याच्या मालकाच्या गोष्टीचं. सकाळपासून राबलेल्यालाही एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही तेवढाच. फादरांनी सरळ आपला मजूर नाका डोळ्यांपुढे उभा केला. पिशवीतून डोकावणारी थापी, वाळलेल्या रंगाचा ब्रश, ठेकेदाराचा टेम्पो थांबला की धावणारी तरणी पोरं आणि मागेच राहणारे पन्नाशीचे. पाचपर्यंत उभा असलेला माणूस आळशी नव्हता. 'आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही' हे उत्तर गोष्टीतच आहे. आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. पोट तर त्यालाही आहेच ना! (आमच्या सोसायटीत तेव्हा वॉचमनच्या पगारावरून वाद चालू होता. दोन कमिटी मेंबर बाकावर चुळबुळत होते.)

लांबीबद्दलची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांच्या आत संपवा असं सांगितलं होतं. आमच्याकडे आठ मिनिटं प्रस्तावनेतच जातात.

कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रानं फिरतात. हा उतारा २०२३ च्या सप्टेंबरात होता, पुढची पाळी सप्टेंबर २०२६. त्या रविवारी जाऊन ऐका आणि तुमचे फादर काय बोलले ते इथे लिहा.