मदत हवी आहे: पीएस५ डिस्कवाला घ्यावा की डिजिटल?

राजेहो, पीएस५ स्लिम (सोनीचा प्लेस्टेशन ५ गेम कन्सोल) घ्यायचा नक्की झालाय, पण डिस्क एडिशन की डिस्क ड्राइव्ह नसलेला डिजिटल, इथेच गाडी अडली आहे.

घरी पीएस४च्या बऱ्याच डिस्क आहेत. डिस्क एडिशनवर त्या चालतात. गेम डिस्कवर असला तरी कन्सोलच्या एसएसडीत (आतल्या स्टोरेजमध्ये) इन्स्टॉल होतोच आणि खेळताना डिस्क आत ठेवावीच लागते, त्यामुळे जागा वाचण्याचा मुद्दा सोडा. मला खरा फायदा विकण्यात दिसतो: गेम संपला की बर्डीवर (नागपूरचा सीताबर्डी बाजार) देऊन दुसरा आणायचा. डिजिटल गेम खात्याला बांधलेला, विकता येत नाही. मात्र सेलमध्ये तो बराच स्वस्त मिळतो. आमच्या वायफायवर शंभर जीबी उतरायला रात्र जाते, तेवढं चालेल.

डिजिटल घेऊन डिस्क ड्राइव्ह नंतर जोडायचा विचार होता. ती पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, त्याची अडचण नाही. पण दुकानांत विचारलं तर ‘मागवून देऊ’ एवढंच उत्तर. किंमत कोणी सांगत नाही. सेकंडहँड कन्सोल नको, पक्कं बिल हवंच.

नागपुरात ही ड्राइव्ह बिल आणि वॉरंटीसह कोणाला मिळाली का, कुठे आणि कितीला? आणि बर्डी-सदरमध्ये वापरलेल्या पीएस५ डिस्कचे मूळ किमतीच्या साधारण किती परत मिळतात?