बाळाचं फक्त बाईलाच कळतं, हे उत्क्रांती खरंच सांगते का?

ठाणेकर बाबा

माझी मुलगी सात महिन्यांची आहे. गेल्या रविवारी घरी पाहुणे होते. ती रडायला लागली म्हणून मी तिला उचललं. नात्यातल्या एका मोठ्या माणसाने ती माझ्या हातातून घेऊन बायकोकडे दिली आणि म्हणाले, "अरे, बाळाचं बाईलाच कळतं. लाखो वर्षांची उत्क्रांती आहे ती. आपण पुरुष शिकारीला जाणारे." आईकडेही ती रडतच राहिली. तिला झोप आली होती, आणि झोपताना तिला माझ्या खांद्यावर डोकं टेकून माझ्या कानाची पाळी चिमटीत धरायची असते. हे काही मला उपजत कळलेलं नाही. रात्री जागून कळलं.

मनाला लागलं म्हणून वाचायला बसलो. या विषयाचा पाया म्हणजे जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये मांडलेला सिद्धान्त. पिल्लामागे जो जास्त वेळ, अन्न आणि ताकद घालतो, तो जोडीदार पारखून घेतो. जो कमी घालतो, तो जोडीदार मिळवायला आपल्याच जातभाईंशी झुंजतो. मूळ नियमात बाई आणि पुरुष हे शब्दच नाहीत. कोण किती घालतो, एवढंच त्यात आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत बापाला नेमकी शिकायच्या दिवसांत लेकरापासून लांब ठेवते. मग त्याला काही येत नाही, याचं खापर आपण निसर्गावर फोडतो. मी साडेतीन महिने दर रविवारी ठाण्याहून नाशिकला जात होतो. दुपारी पोचायचो तेव्हा मुलगी झोपलेली असायची, संध्याकाळच्या गाडीने परत. तेवढ्या काळात मी तिला एकदाही अंघोळ घातली नाही.

निवृत्त मास्तर (प्राणिशास्त्र)

तुमच्या हातातून मूल काढून घेतलं ते चुकलंच. पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. मी तीस वर्षं हा विषय शिकवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियमात नर-मादी नाही, बरोबर. पण आपण सस्तन प्राणी आहोत. नऊ महिने पोटात वाढवायचं, पुढे दूध पाजायचं, हा खर्च मादीच्याच अंगावर पडतो आणि तो वाटून घेता येत नाही. सस्तन प्राण्यांच्या शंभरातल्या जेमतेम पाच जातींमध्ये नर पिल्लांची काळजी घेतो. शिवाय मूल आपलंच आहे याची खात्री आईला असते, नराला नसते.

आपल्याच देशातलं उदाहरण देतो. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात माउंट अबूला वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. बाहेरचा नर टोळीवर ताबा मिळवतो आणि अंगावर पिणारी पिल्लं मारतो. पिल्लू गेलं की मादीचं दूध आटतं आणि ती लवकर माजावर येते. धारवाडच्या रानात सुगियामा या जपानी संशोधकाने हे त्याआधीच पाहिलं होतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण घडतं असंच. आपल्याला आवडत नाही म्हणून ते शिकवायचं थांबवता येणार नाही.

तळ्याकाठची (भंडारा)

सर, अबूच्या वानरांबद्दल वाद नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

आमच्याकडे शिंगाड्याच्या तळ्यात पावसाळ्यात कमळपक्षी घरटं करतात. घरटं कसलं, पाण्यावर तरंगणाऱ्या पानांचा ओला ढीग. त्यावर चार अंडी, तपकिरी, तकतकीत, घासलेल्या तांब्यासारखी. दोन पावसाळे मी पाळीवर बसून पाहिलं. अंड्यांवर बसतो तो नर. सव्वीस दिवसांच्या आसपास बसतो. एकदा पाणी चढलं तेव्हा त्याने एकेक अंडं मागे सरकत सरकत, चोचीने ओढून दुसऱ्या पानांवर नेलं. चौथं नेईपर्यंत मला श्वास सोडवेना. पिल्लं बाहेर आली की वरून घार गेली तरी ती त्याच्याच पंखाखाली शिरतात. मादी अंगाने मोठी असते. ती अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते आणि हद्दीसाठी दुसऱ्या माद्यांशी भांडते.

आणि पिल्लं मारण्याचं म्हणाल, तर पनामात याच कुळातल्या पक्ष्यावर झालेला अभ्यास १९८९ मध्ये छापून आला. संशोधकांनी काही माद्या तिथून काढल्या. शेजारच्या माद्या आल्या, त्यांनी नरांजवळची पिल्लं मारली किंवा हुसकावली आणि त्याच नरांशी जोड्या जमवल्या. अबूला नराने केलं ते तिथे मादीने केलं. म्हणजे हा पुरुषाचा स्वभाव म्हणायचा की ज्याचे हात मोकळे आहेत त्याचा?

सुगरण हे नाव आपण बाईला देतो. खोपा मात्र नर विणतो. मादी येऊन तपासते आणि पसंत पडला तरच राहते.

निवृत्त मास्तर (प्राणिशास्त्र)

ताई, दोन पावसाळे पाळीवर बसून पाहिलेलं हे माझ्या कित्येक तासांच्या शिकवण्याहून मोलाचं आहे. मनापासून सांगतो.

पण कमळपक्ष्याचं पिल्लू अंड्यातून निघालं की स्वतः टिपून खातं. राखण करायला एक पालक पुरतो, म्हणून दुसरा मोकळा होऊ शकतो. माणसाचं मूल चालायला वर्ष लावतं आणि कमवायला वीस. तळ्यावरचा न्याय घरात कसा लावायचा?

दुसरं, जोडीदाराच्या निवडीत फरक दिसतोच. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ समाजांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांना विचारलं. बायकांनी कमाईला जास्त महत्त्व दिलं, पुरुषांनी वय आणि रूपाला. २०२० मध्ये ४५ देशांत पुन्हा तपासलं, कल तोच. आपल्या वधू-वर सूचक मंडळाचा कोणताही अंक उघडा.

एमएस्सी दुसरं वर्ष

सर, एक भर घालते. नराला जितक्या माद्या मिळतील तितकी त्याची संतती वाढते, मादीचं तसं नसतं, हा समज १९४८ मधल्या बेटमन यांच्या फळमाशीच्या प्रयोगावर उभा आहे. कुठली माशी कोणाची हे कळावं म्हणून त्यांनी अंगावर ठळक खुणा दिसणारी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, वापरली. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. आईबापांकडून दोन्ही खुणा आलेल्या कितीतरी माश्या मोठ्या होण्याआधीच मरत होत्या, म्हणून मोजणीच तिरपी झाली होती. आम्हाला अजूनही तो प्रयोग जसाच्या तसा शिकवतात, याचं मला वाईट वाटतं.

बस यांच्याच आकड्यांवरून ईगली आणि वुड यांनी १९९९ मध्ये दाखवलं की जिथे स्त्री-पुरुष जास्त समान, तिथे हा फरक कमी. तुम्ही सांगितलेल्या २०२० च्या अभ्यासात मात्र तो संबंध वयाच्या फरकापुरताच नीट दिसला. तो मुद्दा तुमच्या बाजूने जातो. पण लग्नात काय हवं यावरून बाळाला कोणी झोपवायचं हे कसं ठरेल?

दोन लेकरांची आई (सांगली)

मला फळमाश्यांचं फारसं कळत नाही. माहेराबद्दल बोलते, कारण ठाणेकर दादांचं वाचून मला राग आला.

पहिल्या खेपेला टाके होते. सव्वा महिना आईने मला गार पाण्याला हात लावू दिला नाही. पहाटे चारला ती बाळ घेऊन जायची म्हणून मला सलग तीन तास झोप मिळायची. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची मालिश, सगळं तिने केलं. तेच मी सासरी असते तर बाराव्या दिवशी ओट्याशी उभी असते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ९७. माहेर ही एकच जागा आहे जिथे बाळंतिणीकडून कोणी काम घेत नाही. बापाला शिकायचं म्हणून ती जागा आमच्याकडून काढून घेणार का?

ठाणेकर बाबा

ताई, माझं लिहिणं चुकलं. बायकोला दाखवलं तर तीही हेच म्हणाली. माहेर बंद करा असं मला म्हणायचं नाही. बापाला तिथे पाहुण्यासारखं वागवू नका, आणि त्याला तिथे राहता येईल इतकी रजा द्या, एवढंच म्हणायचं आहे.

अबूवाल्या हर्डीबाईंनीच पुढे मांडलं की माणसाचं मूल एकट्या आईने कधी वाढवलेलंच नाही. आजी, मावशी, मोठी बहीण, बाप असे अनेक हात लागले, म्हणून आपण टिकलो. टांझानियातल्या हाड्झा लोकांत आज्या जमिनीतून कंद खणून आणतात. मुलीला नवं बाळ झालं की आधीच्या नातवंडाचं पोट त्यावर भरतं. म्हणजे तुमची आई पहाटे चारला जे करत होती तेही उत्क्रांतीच आहे.

आणि बापाचं शरीरही बदलतं. फिलिपीन्समधल्या सेबूत ६२४ तरुण २००५ ते २००९ अशी चार वर्षं तपासले. ज्यांचं लग्न होऊन मूल झालं, त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, एकट्या राहिलेल्यांपेक्षा खूप उतरलं. रोज तीन तास किंवा जास्त मुलाचं करणाऱ्यांत ते सगळ्यांत कमी होतं. लाखो वर्षांत फक्त शिकारच घडली असती, तर शरीराने ही सोय कशाला ठेवली असती?

निवृत्त मास्तर (प्राणिशास्त्र)

सेबूचा अभ्यास चांगला आहे. पण त्यातून बाप आणि आई सारखे असं निघत नाही. बापाची काळजी परिस्थितीनुसार चालू होते, बंदही होते. मध्य आफ्रिकेतल्या आका समाजात बाप दिवसाचा जवळपास निम्मा वेळ तान्ह्या मुलाच्या हाताच्या अंतरावर असतो. शेजारच्या शेतकरी न्गांडूंत तसं नाही. आईची काळजी अशी गावागणिक इतकी बदलत नाही. तोच फरक मी म्हणत होतो आणि अजूनही म्हणतो.

रजेबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. २०१७ पासून कायद्याने आईला २६ आठवडे मिळतात. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस, खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. जी काळजी संधी मिळाली तरच चालू होते, तिला पंधरा दिवस पुरणार नाहीत. हे माझ्या मताविरुद्ध जात नाही, त्यातूनच निघतं.

दोन लेकरांची आई (सांगली)

सर, आईचीही बदलते. पहिले आठ दिवस मला बाळाकडे बघून काहीच वाटत नव्हतं, नुसती भीती वाटायची. हे मी आज पहिल्यांदा कुठे लिहितेय. उपजत येतं असं सगळे म्हणायचे, म्हणून माझ्यातच काही कमी आहे असं वाटून मी रात्री रडायचे. धाकट्याच्या वेळी आई इकडे राहायला आली. यांनी महिन्याची बिनपगारी रजा काढली. मालिश आईने यांना शिकवली, पायांवर पालथं घेऊन, आधी पाठ, मग टाचा. धाकटा आता चार वर्षांचा आहे. ताप आला की अजून यांच्याच पायांवर येऊन पालथा पडतो.