अनुभव धागा: अंधारातली सायकल आणि चमकत्या जॅकेटची सक्ती

धागाकर्ती, पुलगाव

फ्रान्समध्ये वस्तीबाहेरच्या रस्त्यावर रात्री किंवा धुक्यात सायकल चालवायची तर चमकतं जॅकेट अंगावर असलंच पाहिजे, असा नियम सप्टेंबर २००८ पासून आहे. इटलीत तो २०१० मध्ये आला. स्पेन आणि हंगेरीतही तसेच नियम आहेत. आपल्याकडे सायकलवाल्याने काय घालावं याबद्दल कायदा काही म्हणत नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये एक पोटकलम आलं आणि बिनइंजिनाची वाहनं व पायी चालणारे यांच्यासाठी नियम करायचा अधिकार राज्यांना मिळाला. हे नियम सहा महिन्यांत करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना सांगितलं.

असे नियम मुंबईत बसून लिहिले जातात तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हेल्मेट घालून पहाटे फिरायला निघालेला सायकलस्वार असतो. आपल्या भागात सायकल कोण चालवतं? शाळेच्या मुली, दूधवाले, जिनिंगमधले मजूर, रात्रीच्या ओलिताला निघालेला शेतकरी. त्यांचे अनुभव इथे यावेत म्हणून हा धागा काढला आहे. माझं मत आधीच सांगते: सायकलवाला दिसलाच पाहिजे, आणि तो दिसावा म्हणून दंडाची पावती त्याच्याच हातात ठेवणं मला मान्य नाही. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते, कारण यात फार गल्लत होते. पोपटी-पिवळं कापड दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतं, रात्री त्याचा उपयोग जवळपास संपतो. रात्री कामाला येते ती चंदेरी पट्टी, जिला आपण रेडियम म्हणतो. तिच्यावर पडलेला उजेड ती आला तिकडेच परत फेकते, म्हणून गाडीवाल्याला ती दिसते. गाडीचा लाईट तिच्यावर पडलाच नाही, तर ती असून नसल्यासारखी.

शेतकरी, आर्वी तालुका

आमच्याकडं लाईनचा काही नेम नाई. कधी दिवसा, कधी रात्री बाराले. हरभऱ्याले पाणी द्याचं असन तर लाईन आली तवा उठाव लागते. वावर गावापासून लांब. मंधात डांबरी रस्ता, मंग पांदण. डांबरीवर गाड्या अशा सुसाट जातात का सायकल हलते.

जॅकेटचं म्हणता ताई, तर डिसेंबर-जानेवारीत आमच्या अंगावर काय असते ते पाहा. सदरा, वरून स्वेटर, त्याच्यावर काळं घोंगडं नाईतर चादर, डोक्याले मफलर. जॅकेट घातलं तरी ते घोंगड्याच्या आतच राहीन. घोंगड्यावरून घातलं तर वावरात गेल्यावर काढून कुठी ठेवता? चिखलात दारं मोडाचे असतात, फावडं हातात असते. पट्टी द्याची असन तर पायाले द्या. पाय सायकल चालवतानी झाकत नाई.

धागाकर्ती

काका, तुम्ही पायाचं म्हणालात ते संशोधनातही निघालं आहे. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांमध्ये जॅकेटच्या जोडीला घोट्यावर आणि गुडघ्यावर पट्ट्या लावल्या, तेव्हा नुसत्या जॅकेटपेक्षा सायकलस्वार कितीतरी जास्त वेळा ओळखू आला. वर-खाली हलणारा उजेड दिसला की चालकाला तो माणूस असल्याचं लगेच कळतं.

ट्रकचालक, वणी

आमच्या बाजूने लिहितो. वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस चालतात. समोरून कोणी अप्पर मारत आला की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे फक्त पांढरं असतं. ताशी साठने गाडी असली तर एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. त्या दोन-तीन सेकंदांत गाडी किती पुढे गेली असेल, हिशोब करा. त्याच पट्ट्यात कडेने सायकलवाला असला तर तो मला दिसलेलाच नसतो.

खरं सांगू का, सायकलचा पॅडल मला सगळ्यात आधी दिसतो. नव्या सायकलच्या पॅडलला दोन्ही बाजूंनी पिवळे रिफ्लेक्टर असतात, ते वर-खाली होताना दिसले की पाय आपोआप ब्रेकवर जातो. मागच्या मडगार्डचा लाल रिफ्लेक्टर मात्र बरेचदा नसतोच. नाहीतर कॅरिअरला बांधलेल्या पोत्यामागे, चाऱ्यामागे झाकलेला असतो.

सक्तीबद्दल म्हणाल तर माझ्या मते करावी. माणूस गाडीखाली आला की चालकाचंही घर बसतं. पण आधी आमच्या गाड्यांपासून करा. कोळशाच्या धुळीने मागचा रेडियम पार काळा पडतो, तो रोज फडक्याने पुसावा लागतो. मी पुसतो. सगळेच पुसत नाहीत.

शिक्षिका, दारव्हा तालुका

आमच्या शाळेत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. त्या सायकलींमुळे मुलींची शाळा सुटली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे सायकलवर बसणं अवघड करणारा कोणताही नियम आला की पहिला विचार या मुलींचा येतो.

दहावीचे जादा तास संपेपर्यंत डिसेंबरात अंधार पडतो. गणवेश गडद निळा, त्यावर गडद स्वेटर, तोंडाला बांधलेला स्कार्फ. पाठीवर दप्तर. आता जॅकेट घातलं तर त्याची पाठीवरची पट्टी दप्तराखाली जाते, आणि गाडी मागूनच येते. म्हणजे जी बाजू दिसायला हवी तीच झाकली. एका संस्थेने मागे आमच्याकडे पिवळी जॅकेटं वाटली होती. थोडे दिवस मुलींनी घातली. मग फाट्यावर बसणारी पोरं "रस्त्याच्या कामावर चालल्या का गं" म्हणून ओरडायला लागली आणि जॅकेटं घरी राहिली. ती पुढे वडिलांनी फवारणीला वापरली.

मी सातवी-आठवीच्या मुलींबरोबर शाळेतच एक प्रयोग केला. वर्गाच्या खिडक्या बंद करून अंधार केला, एका मुलीने कपाळाशी बॅटरी धरली आणि समोर वेगवेगळ्या वस्तू ठेवल्या. पांढरी ओढणी, पिवळं जॅकेट, स्टीलचा डबा, दप्तराला शिवलेली चंदेरी पट्टी. बॅटरी डोळ्यांजवळ असली की पट्टी कशी पेटल्यासारखी दिसते आणि तीच बॅटरी हात लांब करून धरली की कशी विझते, हे प्रत्येकीने पाहिलं. त्यानंतर दप्तराला पट्टी शिवून घ्यायला मला कोणाला सांगावं लागलं नाही.

दूधवाला, शेगाव रस्ता

पहाटेचं धुकं असलं की रेडियमबिडियम काही दिसत नाही. लाईटच पाहिजे. मी मागे लाल लुकलुकणारा लावला आहे, सेलवर चालतो. कायदा करायचा तर लाईटचा करा.

अचलपूरचा, सध्या इटलीत

इथला नियम लिहितो. वस्तीबाहेर, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून ते सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, आणि बोगद्यात कोणत्याही वेळी. पूर्ण जॅकेटच हवं असं नाही, खांद्यावरून घ्यायचे चमकते पट्टेही चालतात. शहरात ही सक्ती नाही. म्हणजे नियम नेमका खेड्यांमधल्या अंधाऱ्या रस्त्यांसाठीच आहे, आणि कागदावर तो मला पटला होता.

पण इथल्याच एका अभ्यासकाने कायद्याआधीचे आणि नंतरचे अपघातांचे आकडे तपासले, तेव्हा अपघातात सापडलेल्या सायकलींच्या संख्येत कायद्यामुळे म्हणावा असा फरक आढळला नाही. उलट डेन्मार्कमध्ये कायदा नसताना एक मोठा प्रयोग झाला. सहा हजारांवर सायकलस्वार घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एका गटाला पिवळी जॅकेटं दिली. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. दुसऱ्याशी धडकून जखमी होण्याचे प्रकार जॅकेटवाल्यांत ४७ टक्क्यांनी कमी, आणि नोंदवण्यातल्या चुकांची दुरुस्ती करूनही तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी. दोन्ही एकत्र वाचल्यावर माझं मत असं झालं की वस्तू उपयोगी आहे, तिची सक्ती करून तो उपयोग आपोआप पदरात पडत नाही. डेन्मार्कमध्ये जॅकेट हातात दिलं होतं, हा फरक लहान नाही.

मेहकरची

माझ्या भावाचं सांगते. तो सायकलने घरी येत होता. वळणावर कापसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. टायरखाली दगड लावलेले, ट्रॅक्टर काढून नेलेला, मागे एकही रेडियम नाही, झाडाची फांदीसुद्धा ठेवलेली नाही. समोरून मोटारसायकल आली, तिच्या उजेडात त्याला काही दिसलं नाही आणि तो सरळ ट्रॉलीच्या कोपऱ्यावर गेला. जबडा मोडला. किती दिवस त्याला भाकर चावता आली नाही, आई वरणात कुस्करून द्यायची.

पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न काय विचारला, तर सायकलला लाईट होता का. ट्रॉलीला रेडियम का नव्हता हे कोणी ट्रॉलीवाल्याला आमच्यासमोर विचारलं नाही. भावाच्या अंगावर दहा जॅकेटं असती तरी ट्रॉली दिसली नसती. जॅकेट दुसऱ्याला दिसायला असतं. आपल्याला समोरचं दिसायला लाईट लागतो, आणि समोरच्यानेही दिसायला हवं.

धागाकर्ती

ताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. भाऊ आता बरे असतील अशी आशा. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावणं आधीपासूनच बंधनकारक आहे, हे इथे सगळ्यांच्या माहितीसाठी नोंदवते. तो नियम असून ट्रॉल्या अशाच उभ्या राहतात.

वकील, पुसद

मेहकरच्या ताईंनी सांगितलेला तो पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो. अपघात झाला की भरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे जातो. तिथे विमा कंपनीचा पहिला प्रयत्न असतो तो जखमी माणसाचीही चूक दाखवण्याचा. काही चूक त्याच्या पदरी पडली तर तेवढ्या टक्क्यांनी भरपाई कापली जाते. आज सायकलवाल्याच्या कपड्यांबद्दल नियम नाही, म्हणून "जॅकेट नव्हतं" हा मुद्दा लंगडा पडतो. उद्या नियम आला की तोच मुद्दा प्रत्येक दाव्यात पहिल्या पानावर येईल. जॅकेट घेण्याची ज्याची ऐपत नव्हती, नेमकी त्याच्याच विधवेची रक्कम कापली जाईल.

याला एक आधार आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारसायकलच्या प्रकरणात सांगितलं की गाडीवर तिघे होते एवढ्यावरून मृताच्या माथी चूक मारता येत नाही. नियम मोडल्याचा त्या अपघाताशी संबंध दाखवावा लागतो. हे तत्त्व सायकललाही लावता येईल. पण ते लावून घ्यायला वकील लागतो, तारखा लागतात, आणि दारव्हा-दिग्रसहून यवतमाळला खेपा माराव्या लागतात. म्हणून सरकारला नियम करायचाच असेल तर त्यात एक वाक्य स्पष्ट हवं: कपड्यांच्या कारणावरून भरपाई कमी होणार नाही.

सिंदेवाहीचा

आमच्या भागात अंधार पडल्यावर सायकल काढूच नये असं घरचे सांगतात, कारण वाघ. तरी माणसं जातात, कामं असतात. जंगलाच्या रस्त्याला जॅकेटपेक्षा माणसांची सोबत आणि शेवटची एसटी वेळेवर, हे दोन मिळालं तर निम्म्या सायकली रात्री रस्त्यावर येणारच नाहीत.

रेडियमवाला, कारंजा

गाड्यांवर नंबर आणि रेडियमची कामं करतो, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

मडगार्डवर पट्टी चिकटवायच्या आधी तेल आणि धूळ काढा. नुसत्या पाण्याने निघत नाही, पेट्रोलचा बोळा फिरवा, वाळू द्या, मग लावा. कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा आधी सुटतो. लाल मागे, पांढरी पुढे. उलटं लावू नका, गाडीवाल्याला सायकल येते आहे की जाते आहे हे रंगावरून कळतं. चाकाच्या आऱ्यांनाही लावता येते, आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला ती दिसते.

चिकटवायची पट्टी कपड्याला लावू नका, पहिल्याच धुण्यात सुटते. कापडी चंदेरी पट्टी वेगळी मिळते, ती शिवावी लागते. ब्रशने घासू नका, सोड्यात भिजवू नका. घासलेली पट्टी दिवसा तशीच दिसते, पण रात्री उजेड परत देत नाही. बॅटरी कपाळाशी धरून अधूनमधून तपासा, शिक्षक बाईंनी सांगितलं तसं.

घोट्याचा पट्टा बनवायला वीतभर इलॅस्टिक, त्यावर पट्टी आणि टोकाला चिकटपट्टी, एवढंच लागतं. पायजम्याचा पायचा चेनमध्ये अडकू नये म्हणून आपण तसंही काहीतरी बांधतोच, त्याच जागी हा बांधायचा. उजव्या पायाला आधी, गाड्या त्या बाजूने ओलांडतात.

शिक्षिका, दारव्हा तालुका

भाऊ, शंभरेक मुलींना पुरतील एवढे घोट्याचे पट्टे तुम्ही करून द्याल का? कापड आम्ही आणू. आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांकडे शिलाई मशीन आहेत, नमुना तुमच्याकडून हवा आहे.

रेडियमवाला, कारंजा

नमुना पाठवतो बाई, त्याचे पैसे नको. पट्टी घेताना रुंदी दोन इंच बघा, अरुंद घेऊ नका. बाजारात साधं चंदेरी कापडही रेडियम म्हणून विकतात, दुकानातच मोबाईलचा लाईट डोळ्याजवळ धरून बघून घ्या.

धागाकर्ती

वकील साहेबांनी सुचवलेलं भरपाईचं वाक्य, मेहकरच्या ताईंचा ट्रॉलीचा मुद्दा आणि शेगावच्या भाऊंचा लाईटचा, हे तिन्ही मी परिवहन विभागाला पाठवायच्या निवेदनात घेते आहे. सक्तीच्या बाजूने वणीच्या भाऊंनी लिहिलं आहे, तेही त्यांच्या शब्दांत जोडेन. गडचिरोली आणि गोंदियाकडून अजून कोणी लिहिलेलं नाही. सूरजागडच्या खनिजाच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात तिथे सायकल चालवणाऱ्यांनी जरूर लिहावं.