बीएएलमध्ये (फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात) इलास्टेज एलायझात (अँटिबॉडीनं प्रोटीन मोजणाऱ्या चाचणीत) भरपूर, ॲक्टिव्हिटी शून्य. किट बदलावं का?

परळ_ते_कालिना: एआरडीएसच्या (फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या आजाराच्या), व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे बीएएल सॅम्पल परळहून कालिन्याला येतात. वॉर्डातच प्रोटीएज इन्हिबिटर कॉकटेल (प्रोटीन कापणारी एन्झाइम थांबवणारं मिश्रण) घालतात. ट्रॅफिकमुळे दीड तास बर्फात, मग थेट उणे ८० ला. न्यूट्रोफिल इलास्टेज (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं, प्रोटीन कापणारं एन्झाइम) एलायझात खच्चून येतं, पण पीएनए सबस्ट्रेटवर (कापला गेला की पिवळा रंग देणारा पदार्थ) ४०५ नॅनोमीटरला रेष आडवीच. जिलेटिन झायमोग्रामही (एन्झाइमनं जेलमधलं जिलेटिन कुठे खाल्लं ते पट्ट्यांनी दाखवणारी चाचणी) पुसट. किट बदलू का?

सेरीन१९५: किटचा काय दोष? एलायझा प्रोटीन मोजते, ते काम करतंय का हे तिला कळत नाही. सुजलेल्या फुप्फुसात रक्तातलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन झिरपतं आणि इलास्टेजला कायमचं जखडतं. बरीच किट हे जखडलेलं इलास्टेजही पकडतात. म्हणजे शून्य खरंही असू शकतं, पण तुमच्या सॅम्पलवरून ते सांगता येणार नाही, कारण कॉकटेल. त्यात बहुधा एईबीएसएफ हे इन्हिबिटर असतं. ते इलास्टेजच्या सक्रिय सेरीनवर (कापण्याचं काम करणाऱ्या अमिनो आम्लावर) चिकटलं की डायलिसिस करूनही सुटत नाही.

पुढच्या वेळी ॲक्टिव्हिटीसाठी वेगळी नळी ठेवा, त्यात काहीही घालू नका. आणि सेंट्रिफ्यूज परळलाच करा: ४०० जी, १० मिनिटं, ४ अंश. पेशींसकट गोठवलं तर न्यूट्रोफिल फुटतात, आतलं इलास्टेज बाहेर येतं आणि आकडा उगाच फुगतो. तुमच्या एलायझाच्या आकड्यातही हा फुगवटा असणारच.

झायमोवाला: पुसट जेलचंही कॉकटेल एक कारण असू शकतं. त्यात ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) असेल तर एमएमपींचं (जिलेटिन कापणाऱ्या एन्झाइमांचं) झिंक आणि कॅल्शियम ओढलं जातं. शिवाय सॅम्पल उकळलं किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (प्रोटीनमधले सल्फर-बंध तोडणारं रसायन) घातलं, तर पट्टे विसरा. जेल २.५ टक्के ट्रायटनमध्ये (सौम्य डिटर्जंट) अर्धा-अर्धा तास दोनदा धुवा. एसडीएस (प्रोटीनची घडी उलगडणारं, जेलमधलं डिटर्जंट) राहिलं तर एन्झाइम पुन्हा घडी घेत नाही. मग ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडच्या ट्रिस बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर.

९२ किलोडाल्टनचा पट्टा चमकला म्हणून हुरळून जाऊ नका. तो प्रो-एमएमपी-९, म्हणजे एमएमपी-९चं अजून न कापलेलं रूप. एसडीएसमुळे तो न कापताच उघडतो आणि जेलमध्ये जिलेटिन खातो. रुग्णात तो निद्रिस्तच असू शकतो.

आडवी_रेष: उलटा घोळही सांगतो. अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन हे रक्तातलं आणखी एक प्रोटीन इलास्टेजला पिंजऱ्यात कोंडतं. छोटा सबस्ट्रेट आत शिरतो, ॲक्टिव्हिटी दिसते, पण अख्खं इलास्टिन आत जाऊच शकत नाही. म्हणून एका वेलमध्ये भरपूर अँटिट्रिप्सिन घाला. मोकळं इलास्टेज थांबेल, पिंजऱ्यातलं चालू राहील. दुसऱ्या वेलमध्ये सिव्हेलेस्टॅट (इलास्टेज थांबवणारं औषध): रेष आडवी झाली नाही तर कापणारं इलास्टेज नव्हेच.

परळ_ते_कालिना: आणि जुन्या सॅम्पलचं काय? फेकून द्यायचे?

सेरीन१९५: छे. अँटिट्रिप्सिनचा वेस्टर्न (प्रोटीनचे पट्टे आकारानुसार दाखवणारी चाचणी) करा. इलास्टेजशी जखडलेलं ७५ किलोडाल्टनच्या आसपास दिसेल, मूळचं ५२ ला, तुटलेलं त्याच्या जरा खाली. कॉकटेल वॉर्डातच घातल्यामुळे या पट्ट्यांत वाटेत फारसा फरक पडलेला नसेल, तेवढा फायदा झालाच.